सूड आणि फराळ

अलेक्झांडर द्यूमाच्या 'द काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो'वरची २०२४ सालची आठ भागांची मालिका आम्ही डोंबिवलीच्या घरी रोज रात्री जेवणानंतर एकेक भाग करून पाहिली. ती संपली आणि वाद सुरू झाला.

चिरंजीव म्हणाले, "सूड घ्यायला फार वेळ लावला बुवा!"

ही म्हणाली, "आणि त्या मर्सिडीजच्या जिवाचं काय?"

कल्याणहून आलेल्या आत्याबाईंना मात्र तुरुंगातला म्हातारा फारिया आवडला. "अरे, तो आपल्या गोव्याचा!"

हे अर्धे खरे. कादंबरीतला फारिया इटालियन. पण द्यूमाने त्याला नाव दिले ते १७५६ साली गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियाचे. पणजीत त्याचा पुतळा आहे.

मला पुस्तकातली एक गोष्ट आठवली. दांतेसला कोणी फसवले, हे फारियाच त्याला उलगडून दाखवतो. आणि लगेच हळहळतो, की या पोराच्या मनात आपण सूड पेरला.

ठाण्याच्या दादाशी मी नऊ वर्षे बोललो नव्हतो. वडिलांच्या जागेच्या वाटणीत माझे किती बुडाले, हे मलाही एका भल्या माणसानेच कागदावर मांडून दाखवले होते. हिशेब बरोबर होता. तो कागद मी अजून जपला होता.

"बाबा, तुमचं मत?" चिरंजीवांनी विचारले. मी बोललो नाही.

नरकचतुर्दशीला फराळाचा डबा घेऊन ठाण्याला गेलो. दादाने दार उघडले, डबा हातात घेतला आणि म्हणाला, "उशीर केलास. चहा दोनदा झाला."