सातेरीची पेटी : काही टिपणे

पुण्यात अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवायची तर सातेरी माशीचीच. आग्या माशी पेटीत नांदत नाही. फुलोरी उघड्या फांदीवर एकच पोळं बांधते. सातेरी मुळातच झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहणारी. पेटी ही तिची ढोलीच, आणि ती तशीच राहावी एवढं पाहायचं.

❋

मेणपत्रा, म्हणजे षटकोन उमटवलेला मेणाचा पत्रा, मी लावत नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीला मेणाची बारीक रेघ पुरते. कामकरी माश्या एकमेकींचे पाय धरून लोंबतात, पोटाखालचे मेणाचे पापुद्रे चावून मऊ करतात आणि पोळं वरून खाली उतरत जातं. नरांची घरं किती नि कुठे, हे त्याच ठरवतात. त्या घरांच्या झाकणावर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. सातेरीची ही खास खूण.

❋

पेटी सारखी उघडू नये. पिलाव्याला, म्हणजे आतल्या अंडी-अळ्या-कोशांना, ३४-३५ अंश ऊब लागते. झाकण काढलं की ती मोडते. दारातूनच पुष्कळ कळतं. पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या येत असतील तर बहुधा आत पिलावा आहे. उकाड्यात काही जणी दारात पंख मारत उभ्या राहतात. सातेरीचं तोंड तेव्हा बाहेर असतं, युरोपीय मेलिफेरा माशीचं आत.

तळपाटावर मेणाचा भुगा आणि जाळी दिसली तर मात्र उघडायचीच. मेणकिडा शिरलेला असतो. तळपाट स्वच्छ करावा, माश्यांनी सोडलेली जुनी काळी पोळी काढावीत. औषध नको, भरलेली वसाहत हाच खरा उपाय.

❋

मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. दुपारी सावली. प्यायला उथळ परातीत पाणी, त्यात खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

❋

शेवगा, जांभूळ, कडुनिंब, करंज असा फुलोरा उन्हाळ्यापर्यंत चालतो. पुढे पावसात टंचाई. मे महिन्यात सगळा मध काढून जुलैत साखरपाणी पाजणं मला मान्य नाही. मध हा त्यांचा बेगमीचा साठा. पावसाळ्याला पुरून उरेल तेवढाच आपला. नाही उरला तर त्या वर्षी घेऊ नये. उपाशी सातेरी पेटी सोडून निघून जाते.

❋

शिकून मगच पेटी आणावी. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

❋

सातेरी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटरभर फिरते. तेवढ्या टापूत आपलं अंगण ते केवढं! ती जगते ती सोसायटीच्या करंजावर, शाळेमागच्या जांभळावर, कुणाच्या तरी कुंडीतल्या तुळशीवर. म्हणून पेटी ठेवणाऱ्याने आधी शेजाऱ्यांशी बोलावं. झाड फुलावर असताना छाटू नका, फुलांवर कीटकनाशक मारू नका, हे घरोघर जाऊन सांगावं. शहरातल्या मधपाळाचं निम्मं काम पेटीबाहेरचं आहे.