मास्तरांच्या बुलेटचा ब्लॉक



जुन्या बुलेटचं इंजिन वरून उघडायला फारसा वेळ लागत नाही. टाकी उतरवायची, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप सोडायचा, हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचं, की हेड हातात येतं. वेळ लागतो तो त्यानंतर, आत जे दिसतं त्याचं काय करायचं हे ठरवायला.

मास्तरांची १९७४ ची बुलेट आम्ही तिघांनी चर्चच्या हॉलमागच्या शेडमध्ये उघडली. आपल्यापैकी पुष्कळांना ही गाडी माहीत आहे. बेळगावहून खानापूर, नंदगड, लोंढा आणि तिथून आतल्या वाड्यांवर मुलांना धर्मशिक्षण द्यायला मास्तर याच गाडीवरून जात. ते गेल्यावर गाडी चार वर्षं उभी होती. चालू केली की निळा धूर. मास्तरीणबाईंकडे एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. गाडी विकायची की नातवाला द्यायची, हे आमच्या उत्तरावर ठरणार होतं. त्यामुळे "बघू, होईल काहीतरी" म्हणून चालणार नव्हतं. मोजूनच सांगायला हवं होतं.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते एकतर झिजलेल्या रिंगांवरून वर येतं, नाहीतर सैल झालेल्या वाल्व गाइडमधून खाली उतरतं. गाइड ठीक निघाले. पण हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतल्यावर एक्झॉस्ट वाल्वच्या कडेने ते पाझरू लागलं. म्हणजे वाल्व बसत नव्हता. त्यावर उपाय हाताशीच होता. आधी जाड आणि मग बारीक पेस्ट लावून, काठीच्या रबरी टोकाने वाल्व अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवत घासायचा. मधूनमधून उचलून थोडा वळवायचा. नातवाने दोन संध्याकाळी हेच केलं. सीटवर सलग राखाडी कडं उमटलं, आणि मग रॉकेल थेंबभरही गळेना.

खरा प्रश्न ब्लॉकचा होता. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडली, तेव्हा खाली १०० हा आकडा कोरलेला दिसला. या बुलेटचा मूळ बोअर ७० मि.मी. असतो. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. १०० म्हणजे मूळ मापाहून १ मि.मी. मोठा. दर वेळी पाव मिलिमीटर धरला, तर मास्तरांनी हे काम चार वेळा करून घेतलं असणार. घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. त्या रस्त्यांची लाल धूळ आणि पावसाळ्यातला चिखल त्या एका आकड्यात जमा होता.

मिस्त्रींनी बोअर गेजने वर, मध्ये, खाली माप घेतलं आणि म्हणाले, "आता आणखी मोठा कापायला नको. नवा ब्लॉक घ्या, नाहीतर ह्यालाच स्लीव्ह घाला." बिडाचा तो ब्लॉक आम्ही उजेडात फिरवून फिरवून पाहिला. फिन शाबूत होत्या, तडा कुठेही नव्हता. मास्तरीणबाईंना दोन्ही पर्याय खर्चासह सांगितले. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांचा चांगला असेल तर तोच राहू दे."

उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने आतली झिजलेली भिंत कापून काढली, नवी स्लीव्ह दाबून बसवली आणि बोअर पुन्हा ७० मि.मी. ला आणला. इतकी वर्षं दुरुस्ती म्हणजे थोडं कापून टाकणं होतं. या वेळी पहिल्यांदाच आत काही घातलं गेलं.

जोडताना घाई केली नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर बिडाच्या दुपटीने फुगतो, म्हणून दोघांमध्ये पुरेशी फट लागते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात तर हे फार सांभाळावं लागतं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फीलर गेजने पाहिली, तिन्ही रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवली. सरक्लिप बसवताना खालच्या तोंडात फडकं कोंबलं, कारण ती आत पडली की अर्धं इंजिन पुन्हा उघडा. टॅपेट थंड इंजिनावर लावले. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

पाचव्या किकला गाडी चालू झाली. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून बराच वेळ ऐकत होत्या, मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. त्यांनी गिऱ्हाइकाला काय कळवलं, ते आम्ही विचारलं नाही. नातवाला मात्र त्यांनी चावी दिली आहे.

पहिले ५०० किलोमीटर त्याने सावकाशच चालवायचे आहेत. एकाच वेगात फार वेळ ओढायची नाही, चढावर रेटायची नाही, मध्ये थांबून इंजिन निवू द्यायचं. त्यानंतर हेडचे नट पुन्हा आवळायचे आणि टॅपेट तपासायचे. तोवर रस्त्यात कुणाला ती बुलेट हळूहळू जाताना दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका.