जागेचा प्रश्न

जुना ॲम्प्लिफायर किंवा गिटार विकायला काढलेल्या माणसाला "का विकताय?" म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "जागा होत नाही हो घरात." हे वाक्य मी सांगलीत ऐकलंय, पुण्यात ऐकलंय, मडगावात कोकणीतही ऐकलंय. चाळीस वर्षांत मी सहा बेस गिटार आणि आठ-नऊ ॲम्प घेतले-विकले, पण ज्याच्या घरी खरोखर जागा नव्हती असा विकणारा मला एकदाच भेटला.

पहिला सांगलीच्या गावभागातला. साल १९८५. एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा आणि आठवड्याभरात मस्कतला निघाला होता. मी सूतगिरणीत टाइमकीपर, नुकता कायम झालेलो. त्याच्या वाड्याचा वरचा मजला रिकामा, इतका की दोन बैलगाड्या उभ्या राहतील. तिथे मधोमध एका खाटेवर लाल रंगाची, कलकत्त्यात बनलेली बेस निजवलेली. नऊशे रुपये. "न्यायचं कशात?" विचारलं तर त्यानं खाटेवरचीच गोधडी काढून तिच्यात गुंडाळून दिली. त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी गोधडी परत मागवली, हे वेगळं.

बेस गिटार हे तसं कोवळं वाद्य. लिओ फेंडरनं कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये पहिली प्रिसिजन बेस विकायला काढली. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढा डबल बेस उभा करून वाजवायचे आणि सूर अंदाजानं शोधायचे. फेंडरनं दांड्यावर पडदे बसवले, म्हणजे बोट पडेल तिथे सूर नेमका. म्हणून नाव प्रिसिजन. माझ्या हातात बेस आली तेव्हा या वाद्याचं वय चौतीस वर्षं होतं, आणि त्याच्या तारेची लांबीही चौतीस इंच. पंचमच्या गाण्यांत खाली जे काही चालायचं, ते वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कॅसेटवर ते नाव कशाला छापतील?

अडचण होती ती तारांची. बेसचा सेट मिळायचा मुंबईत, धोबीतलावला, आणि किंमत ऐकून पोटात गोळा यायचा. तारा जुन्या झाल्या की त्यांच्या वेटोळ्यांत घाम नि मळ बसतो आणि आवाज बोथट होतो. मग आमच्या धंद्यातला गरिबाचा उपाय: तारा उकळायच्या. आईच्या पातेल्यात पाणी ठेवून दहा मिनिटं रटरटू दिल्या की वर काळपट साय येई आणि तारा चार-पाच कार्यक्रम नव्यासारख्या वाजत. आईनं ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेतलं नाही. पुढे फार वर्षांनी वाचलं, की अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवलेला जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलतच नसे. मळ हाच आवाज, असं त्याचं मत. पातेल्याला उगीच सजा झाली.

त्या लाल बेसला एक खोड होती. पाचव्या पडद्याच्या पुढे तार झिणझिणायची. मिरजेत सतारमेकर गल्ली जवळच, म्हणून एका चाचांकडे घेऊन गेलो. तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले, चाचा घोडीवर कानस फिरवत बसलेले. मी म्हणालो, "चाचा, ही जवारी काढून द्या." त्यांनी वाजवून ऐकलं आणि म्हणाले, "ही तर हलकीच आहे. काढतो की चांगली." दोन मिनिटं आम्ही एकमेकांशी सहमत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या भाषेत जवारी काढायची म्हणजे ती घोडीतून बाहेर आणायची, बोलकी करायची. मला हवी होती ती घालवायला. समजावून सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुधातून साखर काढून मागतोय. "पैसे देऊन आवाज कमी करून घेणारा पहिलाच आलास बाळ." पण पडदे मात्र असे घासून दिले, की ती बेस मी विकली तोवर पुन्हा तक्रार नव्हती.

बेस नुसती घेऊन काय होतंय? तिला खरा गळा ॲम्पचा. गणपतीत आमचे कार्यक्रम माइकवाल्याच्या कर्ण्यांवर व्हायचे. कर्णा माणसाचं बोलणं लांब नेण्यासाठी केलेला. खालचे सूर त्यातून येतच नाहीत. बेसच्या जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा, कर्ण्यातून त्याची नुसती टकटक ऐकू यायची, पत्र्यावर लिंबोळ्या पडल्यासारखी. म्हणून १९९१ मध्ये पंधरा इंची स्पीकर आणला आणि पलंग करणाऱ्या सुताराकडून त्याला पेटी करून घेतली. अठरा मिलिमीटरचा प्लाय, सगळीकडून बंद. सुतारानं विचारलं, "ह्यात ठेवणार काय?" म्हटलं, "हवा." त्यानं मजुरी आगाऊ मागून घेतली.

पण गंमत नाही, त्या पेटीत कोंडलेली हवाच स्पीकरची स्प्रिंग असते. कुठे फट राहिली तर खर्ज तिथून निसटतो. मी रात्री पंखा बंद करून उदबत्ती लावली आणि पेटीच्या कडेकडेनं फिरवली. स्पीकर वाजत असताना जिथे धूर दचकला तिथे फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरला. पहिल्या कार्यक्रमात पेटीला टेकून उभा होतो, तरी मला काही ऐकू येईना. म्हणून आवाज वाढवत गेलो. मध्यंतरात शेवटच्या रांगेतून एकजण आला आणि म्हणाला, "राव, छातीत धडधडायला लागलंय, कमी करा." ४१ हर्ट्झची एक लाट हवेत आठ मीटरपेक्षा लांब असते. पेटीजवळ कानाला वरच्या सुरांची धार तेवढी लागते, आणि खाली बंद सभागृहाच्या मागच्या भिंतीशी खर्ज साठत जातो. वाजवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं सगळ्यात कमी.

मग पुण्याची गोष्ट, १९९८ ची. एका निवृत्त गृहस्थांचा मुलगा अमेरिकेतून परत आला होता, येताना ॲम्प घेऊन, आणि नोकरीसाठी बंगळूरला गेला होता. बंगला, मागे बाग, गॅरेजमध्ये गाडी नाही. "जागा होत नाही," गृहस्थ म्हणाले. मला तपासणीचं सगळं येत होतं. स्पीकरच्या कोनवर दोन्ही तळवे ठेवून हलकं आत दाबायचं, घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. टॉर्चचा सेल तारांना लावायचा, कोन ठक्कन उडाला तर जिवंत. बटणं फिरवून खरखर ऐकायची. हे सगळं ऐटीत केलं. मागचं लेबल तेवढं वाचलं नाही. १२० व्होल्ट. घरी आणून पिनेला ॲडॅप्टर लावला नि आपल्या २३० व्होल्टमध्ये खुपसला. फ्यूज उडाला. इथे शहाणा माणूस थांबतो. मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. नंतर खोलीभर जो वास पसरला, तो ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा, हे मला दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. पुण्याच्या तापकीर गल्लीत त्याचं नवं वाइंडिंग करून घेतलं त्या पैशांत दुसरा ॲम्प आला असता. सुताराची पेटी पुढे एका डॉल्बीवाल्यानं नेली, स्पीकरसाठी. प्लायचं त्यानं काय केलं, विचारलं नाही.

आणि २००४ मध्ये मडगाव. गोव्यात लग्नाला जिवंत बँड लागतोच, त्यामुळे चांगला ॲम्प हवा असेल तर तिकडे बघावं, असं आमच्या ड्रमरनं सुचवलं. तो आणि मी त्याच्या सासऱ्यांच्या टेम्पोतून गेलो. घर एका दर्यावर्दी वादकाचं. आयुष्य जहाजांवरच्या बँडमध्ये गेलेलं, दोन वर्षांपूर्वी वारलेला. आंटींनी दार उघडलं. बसायच्या खोलीत ॲम्प कुठे दिसेना. त्यांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात क्रोशाचं पांढरं टेबलक्लॉथ घातलेलं एक चौकोनी टेबल, त्यावर मदर मेरीची मूर्ती, दोन मेणबत्त्या, प्लास्टिकचा गुलाब. ते टेबल म्हणजे पीव्हीचा टीएनटी १५०. पंधरा इंची स्पीकर, दीडशे वॉट, आणि यावेळी मी आधी वाकून व्होल्ट वाचले. २२०.

आंटी म्हणाल्या, जागा नाही. आणि खरंच नव्हती. दोन लहान खोल्या, त्यात मुलगी, जावई, नातवंडं. नवऱ्याची बेस भिंतीवर टांगली होती. ती विकायची नाही, हे आम्ही काही विचारायच्या आतच सांगितलं. पैसे दिले, पण मूर्ती उचलायला कुणी धजेना. ठेवायची कुठे? ड्रमर टेम्पो घेऊन बाजारात गेला आणि पाऊण तासानं एक सागवानी स्टूल घेऊन आला. आंटींनी ते टेबलक्लॉथ त्यावर घातलं, ते मोठं झालं, जमिनीला टेकलं, त्यांनी दुमडलं. मग मूर्ती. मग आम्ही दोघांनी ॲम्प उचलला. स्टुलाचे पैसे आंटी देऊ लागल्या, आम्ही घेतले नाहीत, तर त्यांनी दोदोलचं पाकीट दिलं.

त्या ॲम्पनं माझ्याकडे वीस वर्षं काढली. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जी लागतो, ४९ हर्ट्झचा. तो वाजला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचं एक ठरावीक ताट थरथरायचं. बाकीची गप्प, तेच एक. बायको त्याला "तुमचं ताट" म्हणायची. आपली वीजही ५० हर्ट्झची, म्हणजे गावोगावच्या स्टेजवर अर्थिंग नसलं की ॲम्प जे गुणगुणतो ते त्याच जीच्या केसभर वर. एखाद्या गाण्याची पट्टी जी असली की पूर्ण गाणंभर बेस उतरल्यासारखी वाटायची, आणि गायक माझ्याकडे वळून बघायचा.

मधल्या काळात जग हलकं झालं. अँपेगनं १९६९ मध्ये एसव्हीटी हा बेस ॲम्प काढला तेव्हा तीनशे वॉटसाठी चौदा व्हॉल्व्ह आणि जवळजवळ चाळीस किलो वजन लागलं होतं, आणि ते नुसत्या डोक्याचं. खालची आठ स्पीकरांची पेटी वेगळी. आता क्लास डीचा पाचशे वॉटचा ॲम्प अडीच-तीन किलोत मिळतो, कारण त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. मीही एक घेतला. उत्तम आहे, पाठ दुखत नाही. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच. नवी मुलं तर तेही नेत नाहीत. एक पेडल, तिथून सरळ मिक्सरला, आणि कानात बोंडं. खर्ज पायातून वर यायचा तो आता कानातून खाली जातो. मला ते पटत नाही, पण त्यांची वाद्यं सुरात असतात, हेही मान्य केलं पाहिजे.

जुनी वाद्यं अडगळीत पडतात, मोठ्यांच्या वस्तूंचंही असंच होतं म्हणा. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनला एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नास वर्षं तिच्यावर तर्क चालले. २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा कळलं की ती एका घराच्या पोटमाळ्यावर पडून होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रमरच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. बेसवाल्याला ड्रमरचा उजवा पाय म्हणजे काय, हे सांगून समजायचं नाही. तीस वर्षं मी त्या पायाकडे बघून वाजवत आलो. तो पडायच्या आधी मला कळायचं, की आता पडणार. नव्या मुलांबरोबर दोन-तीन कार्यक्रम केले. चुकलं काही नाही.

गेल्या दिवाळीनंतर पीव्हीची जाहिरात टाकली. "लास्ट किती?" असे चाळीसेक मेसेज आले, माणूस एक. जयसिंगपूरहून एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, आणि तिचे वडील. मुलीनं कोनवर तळवे ठेवून दाबलं, बटणं फिरवली, वाकून व्होल्टही वाचले. मला बरं वाटलं. मग तिनं आपली बेस जोडली, जरा इकडेतिकडे बोटं फिरवली आणि तिसऱ्या पडद्यावर आली.

घर्र.

"स्पीकर फाटलाय का हो?" वडील म्हणाले. "तसं असेल तर पाचशे कमी करा." मी समजावू लागलो, ताट, मांडणी, ४९ हर्ट्झ. त्यांच्या चेहऱ्यावर सुताराचा भाव. तेवढ्यात आतून बायको ते ताट हातात घेऊन बाहेर आली नि दारात उभी राहिली. "आता वाजव गं," म्हणाली. मुलीनं पुन्हा जी वाजवला. स्वच्छ, गोल, लांब. तो पुरता विरेपर्यंत आम्ही चौघंही उभे होतो.

वडिलांनी पाकीट काढलं. नोटा मोजता मोजता सहज विचारलं, "इतकं चांगलं चालतंय, मग विकताय का?"

"जागा होत नाही हो घरात," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. आमच्या हॉलवरून, उघड्या दारातून दिसणाऱ्या मुलाच्या बंद खोलीवरून, मागच्या रिकाम्या पडवीवरून त्यांची नजर एकदा फिरली.

"हो ना," ते म्हणाले, "जागेचाच प्रश्न असतो," आणि पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजायला लागले.