परत येताना घाई नको: रोइंगने मला काय शिकवलं



"डॉक्टर, व्यायाम सुरू केला आणि आठ दिवसांत कंबर धरली." हे वाक्य मी ओपीडीत नेहमी ऐकतो. मागच्या वर्षी तेच मी स्वतः घरी म्हणालो!

जिममध्ये रोइंग मशीनवर बसलो होतो. शेजारी विशीतला एक मुलगा. त्याच्या स्क्रीनवरचा आकडा बघून मीही जोर लावला. तिसऱ्या दिवशी कंबर आखडली. दोष मशीनचा नव्हता, माझ्या हट्टाचा होता.

चूक कुठे झाली?

रोइंग हातांचा व्यायाम वाटतो, पण खरं बळ पायांचं. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागे, शेवटी हात. परत येताना उलटा क्रम. शिवाय परत येण्याला ओढण्याच्या साधारण दुप्पट वेळ द्यायचा. तेवढ्यात दम सावरतो. मी मात्र परत यायची घाई करत होतो. मग लक्षात आलं, जेवताना, झोपताना, सुट्टीतही माझं हेच चालतं.

त्या रात्री स्वतःचं बीपी मोजलं: १४८/९४. एका मोजणीवर निदान करत नाहीत, म्हणून आठवडाभर मोजलं. वाढलेलंच होतं. आज मीही गोळी घेतो.

दुष्काळी गावातला नाविक

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या संभाजीनगरकरांना नावेचं काय, असं तुम्ही म्हणाल. दत्तू भोकनळ आठवतो? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा. वडिलांबरोबर विहिरी खोदल्या, २०१२ मध्ये सैन्यात गेला. वल्हं तिथेच हातात आलं, तेव्हा पाण्याची भीती वाटायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २३ ऑगस्टला एकेरीच्या अंतिम फेरीत शेवटचा. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत सुवर्णपदक!

चौघांच्या नावेत एकट्याने जास्त जोर लावून चालत नाही, लय बिघडते. घरातही तसंच. पथ्य एकट्याने ओढू नका, घरच्यांना सोबत घ्या.

तुमच्यासाठी

• व्यायाम करताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. नाही आली, तर वेग कमी करा.
• शेजाऱ्याशी नाही, आपल्याच मागच्या आठवड्याशी तुलना करा.
• हृदयविकार, बीपी किंवा कंबरेचा जुना त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.
• छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. दुखणं थांबत नसेल तर १०८ ला फोन करा.

रोइंग करणारा पाठमोरा बसतो. पुढचं दिसत नाही, मागे काय सोडलं ते दिसतं. तुम्हीही आज थोडं मागे बघा: शेवटचं बीपी कधी मोजलं होतं?

काळजी घ्या.