टिळक आपल्या कल्याणच्या शाळेतले!

अहो, ऐका ना! रेव्हरंड टिळक लहानपणी कल्याणला शाळेत होते! आपल्या कल्याणला! जिथे मी कर्जतची गाडी पकडते, पुलावर धक्के खाते, उतरता उतरता मेथीची जुडी घेते, त्या कल्याणला! ज्यांच्या कविता आपण शाळेत घोकल्या ते नारायण वामन टिळक 1861 साली कोकणात करजगावला जन्मले आणि मग प्राथमिक शाळेसाठी कल्याणला राहिले आणि मग आई गेली, घर सुटलं, आणि मग ते पोर नाशिकला जाऊन संस्कृत शिकलं! इतकी वर्षं या गावातून ये-जा करते मी, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं!

आधीच सांगून ठेवते, मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. बायबलमधलं कुठलं पुस्तक आधी आणि कुठलं नंतर, ते मी अजून अनुक्रमणिका बघून शोधते. तेव्हा पंडित मंडळींनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पण मला काहीतरी सापडलंय आणि ते एकटीने जवळ ठेवणं मला जमत नाहीये. म्हणून तुम्ही चला माझ्याबरोबर!

याची सुरुवात केली आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी. माहेर नगरचं, घराणं पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, आणि बोली अशी नगरी ठसक्याची की ऐकत राहावं! "तू ये गं एकदा. काही करू नको, नुसती बस," म्हणाल्या. मग एका रविवारी गेले मी त्यांच्या मराठी उपासनेला. आणि बघते तर काय, पेटी! तबला! झांजा! काकूंनी 'उपासना संगीत' माझ्यापुढे सरकवलं, पानांचे कोपरे वळलेले, मध्ये कुणाच्या तरी जुन्या पत्रिकेचा तुकडा खूण म्हणून घातलेला, आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि गाणं सुरू झालं आणि तो चक्क अभंग होता! आमच्या घरी संध्याकाळी हरिपाठ व्हायचा, त्यामुळे ती लय माझ्या हाडात आहे. आणि तीच लय येशूचं नाव घेऊन समोरून आली! माझ्या अंगावर काटा आला! पान उलटलं, खाली नाव टिळकांचं. आणखी एक उलटलं, पुन्हा टिळक! टिळक स्वतः सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून. सोडून नाही हो, त्याच्यावरून चालत!

आणि मग पाळकांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. त्यात एक इवलासा दाखला आहे. एक माणूस बी टाकतो. रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी उगवतं, वाढतं, आणि ते कसं, हे त्याला स्वतःलाच कळत नाही! आधी पाती, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. संपला दाखला! चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कातच आहे हा! मी इतरत्र शोधला, नाही सापडला, काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मार्कातच आहे तो." मुरबाड-शहापूरकडे भाताची आवणी ज्यांनी केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण आत्मिक वाढ म्हटली की मला वाटायचं, पहाटे उठायचं, इतका जप, इतकं वाचन, आणि महिनाअखेरीला हिशेब. इथे तर तो शेतकरी झोपतोय! पेरणी त्याची आहे, जमीन त्याने तयार केली आहे, कापणीला विळा घेऊन तोच जाणार आहे. पण मधलं सगळं देवाचं! केवढा भार उतरला माझ्या डोक्यावरचा!

म्हणजे वाढ झाली हे ओळखायचं कसं? हेही मी विचारलंच! तर काकूंनी पौलाचं गलतीकरांस पत्र काढून दिलं, पाचवा अध्याय. तिथे आत्म्याचं फळ काय ते लिहिलंय. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ गोष्टी! आणि त्यांत चमत्कार एकही नाही! दृष्टांत नाही, डोळ्यांपुढे प्रकाश नाही! यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसरा माणूस समोर असल्याशिवाय दिसतच नाही. मग मी संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये बसले आणि घाटकोपरला एक बाई चढली, दोन पिशव्या, कडेवर पोर, आणि आमच्या बाकावर तिघी बसलेल्या. चौथ्या सीटला सरकायचं की खिडकीबाहेर बघायचं? तिथेच लागते हो परीक्षा! सहनशीलता, ममता, सौम्यता, तिन्ही विषय एका बाकावर! सरकले मी. आणि मुलुंडपर्यंत त्या पोराने माझी ओढणी चघळली, आणि मला राग आला नाही! मला! छोटीशी गोष्ट, पण मला फार मोठी वाटली.

आणि मग घरी येऊन 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं. तुमच्याही कपाटात असेल, बघा! पहिला भाग 1934 साली आला. शाळेत एक धडा होता, तेवढंच आठवत होतं. पण या वेळी मी ते वाढीची गोष्ट म्हणून वाचलं आणि मला झोपच येईना!

काय बाई आहे ही! नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! मीठ! धुऊन! त्या घरातली मुलगी 1880 साली, अकराव्या वर्षी, टिळकांच्या घरी आली. शाळा नाही. नवरा कवी, लहरी, आज इथे तर उद्या तिथे. आणि मग 1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले आणि डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला आणि कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि मग त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! टिळक वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. त्यांना तिथून हलवेना! आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं! आगगाडीत! आपण गाडीत काय करतो? मी तर मोबाइल बघते!

पण माझा जीव अडकला तो लक्ष्मीबाईंमध्ये. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यावर आकाश कोसळलं. नातेवाईक रडले, त्या वेड्यापिशा झाल्या, दोघांचे संसार वेगळे झाले, मूल पदराशी. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी आपलं सोवळं सांभाळून, आपली चूल वेगळी ठेवून! आणि मग एके दिवशी बसल्या बसल्या त्यांच्या मनात विचार सुरू झाला की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसाच्या शरीरात काही फरक नको का दिसायला? एक विचार दुसऱ्याला ओढत गेला आणि उत्तर आलं की हे माणसाचं काम आहे! आणि त्यांनी ठरवलं, इथून पुढे कुणाच्याही हातचं खाईन, कुणाच्याही हातचं पाणी पिईन! मीठ धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी! कुणी उपदेश केला नाही, कुणी धाक दाखवला नाही! टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्कातला दाखलाच की हा! रात्री झोपावं, दिवसा उठावं, आणि ते कसं वाढलं कळू नये!

आणि थांबा, अजून आहे! टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, येशूच्या चरित्राचं महाकाव्य. जेमतेम अकरा अध्यायांपर्यंत पोचले आणि 1919 मध्ये गेले. आणि पुढचं कुणी लिहिलं? लक्ष्मीबाईंनी! शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी! 60च्या वर अध्याय! मी हे वाचून नवऱ्याला झोपेतून उठवलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "बरं." बरं काय बरं!

आता येतो तो मोठा प्रश्न, देवाची आपल्यासाठी योजना काय. काकूंच्या घरी संध्याकाळी बायबल अभ्यासाला मंडळी जमतात, चहा असतो, पोहे असतात, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. तिथे एका तरुण मुलाने हेच विचारलं. नोकरी गेलेली, घराचा हप्ता डोक्यावर. "देवाची योजना आहे म्हणता, मग ती मला कळत का नाही?" त्याचा आवाज कापत होता. सगळे गप्प. मला वाटलं, आता कुणीतरी गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेणार. तसं झालं नाही! पाळकांनी योसेफाची गोष्ट काढली. उत्पत्तीच्या पुस्तकातली. सतराव्या वर्षी भावांनी खड्ड्यात टाकला, विकला, मग मिसर देशात गुलाम, मग खोट्या आरोपावरून तुरुंग, आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा वय 30! तेरा वर्षं! आणि त्या तेरा वर्षांत देवाने योसेफाला पुढचा आराखडा दाखवला, असं कुठे लिहिलेलं नाही! लहानपणीची स्वप्नं होती तेवढीच. अर्थ कळला तो शेवटी, भाऊ धान्य मागायला दारात आले तेव्हा. मधल्या काळात त्याने केलं काय? समोर आलेलं काम नीट केलं. मालकाचं घर नीट, तुरुंगातली व्यवस्था नीट.

आणि मग मीखा! मीखा संदेष्टा, सहावा अध्याय, आठवं वचन. देव माणसाकडून काय मागतो, तर न्यायाने वागणं, दया आवडीने करणं आणि देवाबरोबर नम्रपणे चालणं. एवढंच! हे तर आजच करता येतं, नोकरी असो की नसो! तो मुलगा काही लगेच हसला नाही. त्याने वहीत "मीखा 6:8" लिहून घेतलं. आणि निघताना एका काकांनी त्याला जिन्यात थांबवून म्हटलं, "बायोडाटा पाठव, अंबरनाथला ओळखीचा कारखाना आहे." न्याय, दया आणि नम्रपणे चालणं, सगळं त्या जिन्यात माझ्या डोळ्यांदेखत झालं!

मला विचाराल तर योजना म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं वेळापत्रक, ही कल्पनाच माणसाला रडवते. टिळकांना राजनांदगावच्या गाडीत बसताना काय ठाऊक होतं? लक्ष्मीबाईंना तरी काय? योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू द्राक्षवेलाबद्दल बोलतो आणि म्हणतो की ज्या फांदीला फळ येतं तीच छाटली जाते, आणखी फळ यावं म्हणून. फळ येणारीच! नाशिककडच्या बागायतदाराला विचारा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, दोन्ही झाल्याशिवाय घड धरत नाही. टिळकांचं घर सुटलं, भाऊबंद तुटले, बायको दुरावली, आणि त्यातूनच ते अभंग आले. मला हे सोपं वाटत नाही. पण खरं वाटतं.

आणि ठाणं राहिलंच! या नादात मी ठाण्याचंही वाचलं आणि हबकले. 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले होते! सातशे वर्षांपूर्वी! पुढे ओदोरिक नावाचा दुसरा साधू ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला! आणि आपण मासुंद्याच्या काठी शेवपुरी खातो आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून निघून जातो! आपल्या मातीत हे शब्द किती जुने आहेत, मला काहीच कल्पना नव्हती!

तर आता तुमचं काम. एक, मार्कचा चौथा अध्याय वाचा, ठाकुर्ली ते ठाणे एवढ्या प्रवासात होतो. दोन, कपाटातलं 'स्मृतिचित्रे' खाली काढा, धूळ झटका, आणि त्या धुतलेल्या मिठापासून वाचायला लागा. आणि तीन, आपल्या भागात मराठी उपासना कुठे होते ते एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारा आणि एका रविवारी नुसते जाऊन बसा. पुस्तक हातात द्यायला कुणीतरी काकू तिथे नक्की असतील!