थंडीत जवळ येणारं स्टेशन

पंचवटीतल्या आमच्या वाड्यापासून नाशिकरोड स्टेशन आठ-नऊ किलोमीटर. मे महिन्यात ते असून नसल्यासारखं. पण पौषात निजानीज झाली की गाडीची शिट्टी थेट माजघरात यायची. "थंडीत स्टेशन जवळ येतं," असं म्हणून आजी गोधडी ओढून घ्यायची. रात्री शांत असतं म्हणून ऐकू येतं, असं वडिलांचं मत. पण शांत तर चैत्रातल्या रात्रीही असायचं.

कॉलेजात उत्तर सापडलं ते प्रकाशाच्या तासाला. उन्हाळ्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं, त्या मृगजळाचं सर सांगत होते. तापलेल्या हवेत प्रकाशाचा वेग किंचित वाढतो. डांबरालगतचा तरंग पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि किरण वर वळतो. रस्त्यावर चमकतं ते आकाशच. लेझमीच्या रांगेत एका टोकाची पोरं हळू चालली की सगळी रांग त्या अंगाला वळते, तसं. मला मात्र शिट्टी आठवली.

ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढणारा. दिवसा जमिनीलगतची हवा गरम, म्हणून आवाज वर निसटून जातो. निरभ्र थंडीच्या रात्री जमीन झपाट्याने निवते, खालची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार राहते. मग वर निघालेला आवाज पुन्हा खाली झुकतो. आमच्या माजघरात उतरायची ती अशी वाकून आलेली शिट्टी, तीही पंचवीसेक सेकंद शिळी! तेवढं अंतर प्रकाश सेकंदाच्या साधारण पस्तीस हजाराव्या भागात कापतो.

नियम एकच: तरंग जिकडे मंदावतो, तिकडे कलतो. आपल्याकडे मात्र नववीला ध्वनी आणि दहावीला प्रकाशाचं अपवर्तन. मुलीला शिकवताना मी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसलो, तर "परीक्षेत असं विचारत नाहीत, बाबा," म्हणाली. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तिला शिट्टी ऐकवायची सोयही नाही. हवा आवाज वाकवतेच, पण आता हॉर्नचे.

तिला मग नारोशंकराच्या देवळात नेलं. देऊळ १७४७ चं. तिथली पोर्तुगीज घंटा १७२१ साली ओतलेली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची खूण. तिचा नाद पाच मैलांवर जायचा, असं सांगतात. पाच मैल म्हणजे जवळपास नाशिकरोडच. सांगणारे महिना सांगत नाहीत, ही माझी तक्रार. मार्गशीर्षातल्या पहाटे पाच मैल मी बिनतक्रार मान्य करीन. वैशाखातल्या भर दुपारी कुणी म्हणालं, तर आधी वारा कुठून होता ते विचारीन.