कार्बनचे चार हात

परीक्षा एकाची आणि जागरण साऱ्या घराचे, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज. यंदा आमच्या घरी परीक्षा होती ती सूनबाईंची. बारावीनंतर लग्न झाले, मग लेक झाली, आणि आठ वर्षांच्या खंडानंतर तिने बी. एस्सी.ला नाव घातले. सेंद्रिय रसायनशास्त्राचा हा पहिलाच पेपर. "आता एवढ्या उशिरा हे कशाला?" असे विचारणारे घरात आणि शेजारी काही कमी नव्हते. पेपर गेला असता, तर त्यांचेच खरे झाले असते. तेव्हा उजळणी ऐकायला मी बसले.

माझे शिक्षण मॅट्रिकला थांबलेले. म्हणून अट एकच घातली : पोळ्या लाटता लाटता मला समजेल असे सांगायचे.

"आई, कार्बनला चार हात असतात," तिने सुरुवात केली. त्याच्या सहा इलेक्ट्रॉनांपैकी बाहेरच्या कवचात चार. इतरांशी भागीदारी करून आणखी चार मिळाले, की आठांचा संसार पुरा. झाले! तिच्या प्रत्येक आकृतीत मी आधी कार्बनचे हात मोजी, आणि पाच दिसले की कणकेचे बोट ठेवी.

मग दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांची गोष्ट. ऑक्सिजन टोकाला हायड्रोजनचा हात धरून बसला, तर इथेनॉल होते. त्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून ते ७८ अंश सेल्सियसला उकळते. तोच ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसला, तर होतो डायमिथिल ईथर. तो उणे २४ अंशांनाच उकळून वायू होतो. माणसे तीच, कोण कोणाशेजारी बसले यावर घराचा स्वभाव ठरतो. हे मात्र मला कोणी शिकवायला नको होते!

तिसऱ्या रात्री गाडी आम्लापाशी अडली. इथेनॉललाही ओएच, व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लालाही ओएच. मग आंबट एकच का? व्याख्या पाठ होती, कारण सुचेना. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "आई, मी नाव काढून घेते."

मी लाटणे खाली ठेवले. म्हटले, "हायड्रोजन घर सोडून गेला, की मागे राहिलेल्यांचे काय होते, ते काढ पाहू."

तिने काढले. इथेनॉलमध्ये उरलेला ऋणभार एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर. ॲसेटिक आम्लात ऑक्सिजन दोन. भार दोघांत सारखा वाटला जातो. म्हणून तेथून हायड्रोजन सहज निघतो आणि आंबटपणा येतो. ती एकदम हसली. पुढचे सारे बाण त्याच प्रश्नाने सुटत गेले : इलेक्ट्रॉन कोठे जास्त, कोठे कमी, आणि भार कोण पेलणार?

पेपर झाला, निकाल लागायचा आहे. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलेच, "सूनबाई कॉलेजात, मग घरचे कसे निभते हो?"

"आमच्याकडे ऑक्सिजन दोन आहेत," मी म्हटले.

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. समजावून सांगणार होते, पण तव्यावरची पोळी करपू लागली होती.